डाक आवृत्तीत अर्धीच मॅच

शनिवार, २७ मे २०२३. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला आयपीएलची फायनल होती आणि दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन. संभाजीनगरच्या आमच्या कचेरीत पहिलं पान दुपारीच ठरून गेलं होतं. माझ्याकडे क्रीडा पान. वर शुभमन गिलचा मोठा फोटो, आदल्याच रात्री त्यानं १२९ ठोकले होते. खाली धोनी. तळाच्या उजव्या कोपऱ्यात एका सिंगल कॉलमसाठी मी जागा राखून ठेवली होती. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या चॅम्पियनशिपचा, म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या लीगचा, प्ले-ऑफ अंतिम सामना, ल्युटन टाउन विरुद्ध कव्हेंट्री सिटी. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात जाणार.

"मराठवाड्यात कोण वाचणारंय हे?" वृत्तसंपादकांनी विचारलं.

"सर, आमखास मैदानावर रोज संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. ती वाचतील," मी म्हणालो. जागा राहिली.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. 'अनुशेष' हा शब्द ऐकत आमची पिढी वाढली. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. ल्युटनची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हाच शब्द आठवला. १९९२ साली, प्रीमियर लीग सुरू व्हायच्या तोंडावर, हा क्लब वरच्या विभागातून खाली आला. पुढे कर्जात बुडाला. २००८-०९ च्या हंगामात तर त्याचे ३० गुण कापले गेले. जुन्या मालकांच्या कारभाराची शिक्षा नव्या लोकांना भोगावी लागली. उणे ३० वरून सुरुवात! त्या वर्षी हा क्लब वरच्या चार स्तरांतूनच बाहेर पडला आणि पाच वर्षं पाचव्या स्तरावर खेळला. २०१४ ला तिथून वर आला. मग २०१८ ला एक पायरी, २०१९ ला आणखी एक. पेली-रडॉक म्पान्झू हा खेळाडू पाचव्या स्तरापासून या सगळ्या प्रवासात संघाबरोबर होता. त्यांचं केनिलवर्थ रोड मैदान तेव्हा जेमतेम दहा हजार माणसांचं. बाहेरगावच्या प्रेक्षकांनी आत जायचं ते ओळीनं उभ्या घरांच्या मधून, लोकांच्या परसातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून जिना चढत. हे मैदान मी फक्त फोटोत पाहिलंय, पण ती गल्ली मला आपली वाटते.

त्या हंगामातही सगळं सुरळीत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक नेथन जोन्स साउदॅम्प्टनला निघून गेले. त्यांच्या जागी रॉब एडवर्ड्स आले, ज्यांना वॉटफर्डनं, म्हणजे ल्युटनच्या हाडवैऱ्यानं, थोड्याच आठवड्यांपूर्वी काढून टाकलं होतं. त्यांनी संघ तिसऱ्या क्रमांकावर नेला.

सामना आपल्याकडे सव्वानऊला सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांतच ल्युटनचा कर्णधार टॉम लॉकियर कोसळला. आजूबाजूला कोणी नव्हतं, धक्का नव्हता, माणूस नुसता खाली बसला. स्ट्रेचरवरून त्याला बाहेर नेलं. थोड्या वेळानं जॉर्डन क्लार्कनं गोल केला आणि संघानं लॉकियरची जर्सी उंच धरली. माझे हात की-बोर्डवरच थांबले होते.

बीड, लातूर, नांदेडकडे जाणारी डाक आवृत्ती साडेदहाला सोडावी लागते. गाड्यांना लांबचा पल्ला असतो. म्हणून बातमी अशी गेली: 'मध्यंतरापर्यंत ल्युटन १-० ने पुढे, कर्णधार कोसळला'. ती छपाईला गेली आणि थोड्याच वेळात हामेरनं कव्हेंट्रीची बरोबरी साधली.

शहर आवृत्तीला साडेअकराची मुदत होती. मी छपाईच्या काकांना फोन करून पंधरा मिनिटं मागितली, मग आणखी दहा. माझ्या शेजारी पान लावणारा उदगीरचा पोरगा. जादा वेळ संपत आला होता. तेवढ्यात बदली आलेल्या जो टेलरनं कव्हेंट्रीच्या बचावपटूकडून चेंडू हिसकावला, धावत सुटला आणि गोल! ल्युटनचा डगआउट मैदानात उतरला. मी मथळा बदलला: 'ल्युटन प्रीमियर लीगमध्ये'.

"सर, पान सोडायलाव का?"

माझ्या तोंडात 'सोड' आलं होतं. खाली मशीन थांबलेलं, काकांचा फोन वाजत होता. तरी म्हणालो, "थांब, पंच कानाला हात लावून उभाय." व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी, चेंडू टेलरच्या हाताला लागल्याचं दाखवलं. गोल रद्द. बावीस वर्षांच्या नोकरीत चुकीची बातमी छापून जायच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. छातीत धडधड होत होती, आणि ती बातमीसाठी की ल्युटनसाठी हे मला त्या क्षणी वेगळं करता आलं नसतं.

मग पेनल्टी. दोन्ही बाजूंच्या पहिल्या पाचही आत. सहावी ल्युटनच्या डॅन पॉट्सनं मारली, आत. कव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोनं मारली ती बारवरून गेली. ६-५. एकतीस वर्षांनी.

एजन्सीच्या फोटोंत पहिलाच डाबोचा होता, तोंड झाकलेला. कव्हेंट्रीची वाटही सोपी नव्हती. स्वतःचं मैदान गमावून हा संघ कधी नॉर्दम्प्टनला, कधी बर्मिंगहॅमला 'घरचे' सामने खेळला, आणि २०१८ ला ल्युटनबरोबरच चौथ्या स्तरावरून वर आला. डाबोचा फोटो मी घेतला नाही. धावत सुटलेल्या ल्युटनच्या पोरांचा लावला आणि पान सोडलं. काका काही बोलले नाहीत, फक्त मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

सकाळी नऊला केजजवळच्या आमच्या गावातून अण्णांचा फोन आला. त्यांच्याकडे डाक आवृत्ती पोचली होती.

"अरे, तुझी ती मॅच पेपरात अर्धीच आलीय. पुढं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. रद्द झालेला गोल, पेनल्टी, सगळं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् ते पडलं होतं ते पोरगं कसंय?"

"शुद्धीवर आहे अण्णा. दवाखान्यात आहे, बोलतोय."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.