टेबल रनरचं माप
आज अख्खी दुपार डायनिंग टेबलाचा रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीने अंथरायची कापडी पट्टी, निवडण्यात गेली. रंग लगेच ठरला, अडलं ते मापावर. टेबल ६० इंच लांब. दोन्ही टोकांना साधारण ६ इंच कापड लोंबायला हवं, म्हणजे ७२ इंची रनर. ९० इंची घेतला तर एकेका टोकाला १५ इंच लोंबणार, थेट बसणाऱ्याच्या मांडीवर! रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश. आमच्या ३६ इंची टेबलाला १२ इंच पुरे. फार रुंद घेतला की ताटं अर्धी कापडावर, अर्धी लाकडावर. सुती कापड धुतल्यावर थोडं आटतं, तेही धरायचं. मला खरं तर अजिबात न लोंबणारा आखूड रनर आवडतो, पण घरचं बहुमत माझ्या विरोधात गेलं.