पांढरी साडी सोडून बोला

‘रात्रीची वेळ, मोठी हवेली, पांढऱ्या साडीतली बाई गात गात पुढे जाते आणि हिरो तिच्या मागे. कुठला पिक्चर हो हा?’ जुन्या भयपटांचा नाद असलेल्या माणसाला असं कुणी विचारलं, की तो आधी एक सुस्कारा सोडतो. कारण सांगितलेल्यातलं काहीच कामाचं नसतं. १९४९च्या ‘महल’पासून पुढची अठरा-वीस वर्षं हिंदी सिनेमातल्या भुतांनी दुसरा रंग अंगाला लावून घेतला नाही. हवेली सगळ्यांना, गाणं सगळ्यांना, आणि ते गाणं बहुतेक वेळा लताबाईंचंच. तेव्हा पांढरी साडी सोडून बोला. भिंतीवर घड्याळ होतं का? गाडी कुठे थांबली? घाबरलेलं नक्की कोण होतं?

घड्याळात रात्रीचे दोन वाजले आणि गाणं सुरू झालं, तर तो ‘महल’. अशोककुमार, मधुबाला, कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. ‘आएगा आनेवाला’चा आवाज लांबून जवळ येतो, तो नुसता यंत्राचा खेळ नाही. गाणारी माईकपासून दूर उभी राहिली आणि गात गात जवळ आली. विशीच्या उंबरठ्यावरच्या लताबाईंचं नावही पहिल्या तबकडीवर नव्हतं. होतं ते पात्राचं, कामिनी.

खरी गल्लत होते ती ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) यांच्यात. दोन्ही कृष्णधवल, दोन्हीत विश्वजीत आणि वहिदा रेहमान, दोन्हीचे दिग्दर्शक बीरेन नाग, दोन्हींना संगीत हेमंतकुमारांचं, आणि दोन्हीत रात्री ऐकू येणारं लताबाईंचं गाणं. नाग मूळचे कलादिग्दर्शक, त्यामुळे जिने, खांब, पडदे यांच्याकडे त्यांचं लक्ष पात्रांइतकंच. इथे एकच प्रश्न विचारावा: भूल कुणाला पडली? ‘कहीं दीप जले कहीं दिल’च्या सुरांमागे बाप्या जातो, म्हणजे ‘बीस साल बाद’. ‘झूम झूम ढलती रात’ने बाईच्या अंगावर काटा येतो, म्हणजे ‘कोहरा’. तरीही शंका राहिली तर घरातली जुनी दाई आठवून पाहा. ‘कोहरा’त ललिता पवार दारात उभ्या राहून नव्या सुनेकडे बघतात. तेवढ्यात जी थंडी भरते, ती सबंध सिनेमातल्या धुक्याने भरत नाही.

मुसळधार पाऊस, डॉक्टरची गाडी, रस्त्यात उभी बाई. हा प्रसंग ‘वो कौन थी’ (१९६४)चा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण लोक सांगताना वीज सांगतात, वादळ सांगतात, आणि मुद्द्याचं तेवढं गाळतात. बाई गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. समोरचं काही दिसत नाही, तरी ती रस्ता सांगत राहते. मग कब्रस्तानाचं फाटक आपोआप उघडतं. हा वायपर म्हणजे दिग्दर्शक राज खोसलांची खरी करामत. भूत दाखवायला एक पैसा खर्च नाही, फक्त चालू असलेली वस्तू थांबवायची. मात्र वायपर जुळला म्हणून लगेच निकाल देऊ नये. हीच कथा १९६६ साली तमिळमध्ये ‘यार नी’ आणि तेलुगूत ‘आमे एवरु’ म्हणून आली, आणि दोन्हीकडे हिंदीतल्या नायिकेच्या, म्हणजे साधनाच्या, जागी जयललिता होत्या. आवाज बंद असलेला तुकडा समोर आला, तर स्टिअरिंगवर मनोजकुमार आहे का ते आधी पाहावं.

साधना आणि राज खोसला म्हटलं की ‘मेरा साया’ (१९६६) येतोच, पण तो रंगीत आहे. कोर्टात उभी राहून बाई ‘मी तुमचीच बायको’ म्हणते आणि वकील नवरा उलटतपासणी घेतो, हा प्रसंग कृष्णधवल आठवत असेल, तर आठवण चुकलेली नाही, भाषा चुकली आहे. तो राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४). वकील काशिनाथ घाणेकर, समोर भावना. ‘मेरा साया’ त्याच्यावरूनच बेतला. ‘मेरा साया’तलं ‘तू जहाँ जहाँ चलेगा’ ऐकताना ‘पाठलाग’मधली ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ आठवली तर त्यात नवल नाही. सावली आणि पाखरं, दोघांचंही काम माग काढायचं. आमचं मत विचाराल तर गदिमांची पाखरं जास्त घाबरवतात. सावली निदान अंधारात तरी सोडून जाते.

रंगाची कसोटी आता थोडी सांभाळून वापरावी लागते. जुन्या गाण्यांना संगणकावर रंग चढवलेल्या प्रती सर्रास फिरतात. कातडी, लाकूड आणि भिंत एकाच तपकिरी छटेत दिसली की समजावं, रंग मागाहून आला आहे.

प्रकाशही बरंच बोलतो. मेणबत्ती हातात घेऊन कुणी जिना उतरत असेल तर भिंतीकडे बघा. खुद्द मेणबत्तीचीच सावली तिथे पडलेली असते, म्हणजे उजेड कुठल्या तरी दुसऱ्याच दिव्याचा. सावल्या आखूड आणि धारदार, तर ती रात्र भर दुपारी चित्रित झालेली. लाल फिल्टर लावला की कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश काळवंडतं. एक्स्पोजर कमी केलं की दुपारची रात्र होते. पाऊस पडतोय आणि मागची झाडं कोरडी ठणठणीत, तर वर भोकं पाडलेले पाइप आहेत. धुकं गुडघ्याच्या वर चढत नसेल आणि पायऱ्यांवरून खाली ओघळत असेल, तर तो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. खोलीभर तरंगत असेल तर नुसता धूर.

धुक्याचा सगळ्यात मोठा उपद्व्याप ‘मधुमती’ने (१९५८) केला. बिमल रॉयनी नैनितालला शूटिंग केलं आणि परत येऊन पाहतात तो बरंचसं फुटेज खराब, पांढुरकं झालेलं. पुन्हा तिकडे जाणं परवडणारं नव्हतं. मग आपल्या इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात, खोटी पाइनची झाडं उभी केली आणि धुक्यासाठी गॅसचे बॉम्ब फोडले. बराच भाग आरे कॉलनीतही झाला. डोंगरांतली दृश्यं पुन्हा पाहताना नैनिताल कुठे संपतं आणि नाशिक जिल्हा कुठे सुरू होतो, हे हुडकण्यात भलतीच मजा आहे.

‘मधुमती’ ओळखण्याची आणखी एक खूण आहे, पण त्यात शेवट फुटतो. साठ वर्षं झाली, आता चालेल. या सगळ्या मंडळींमध्ये खरं भूत फक्त तिथेच आहे. बाकी ठिकाणी माळ्याची मुलगी, जुळी बहीण नाहीतर कुणाचा तरी सूड. तेव्हा ‘शेवटी भूत खरंच निघालं’ असं कुणी म्हणालं आणि सिनेमा कृष्णधवल असेल, तर पुढचे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

रंगीत असेल आणि भूत खरं असेल, तर प्रकरण भयपटांचे निर्माते रामसे बंधू यांच्याकडे जातं. तिथे बाईची साडी बघत बसू नये, राक्षस बघावा. मुंडकं पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं, तर तो सामरी, सिनेमा ‘पुराना मंदिर’ (१९८४). सुळे आणि वटवाघूळ, तर नेवला, ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). दोन्ही भूमिकांत नट एकच, अनिरुद्ध अगरवाल, त्यामुळे नुसता ‘तो उंच, लांब चेहऱ्याचा’ एवढ्यावर काही ठरत नाही.

आणि इतकं करूनही धागा लागला नाही, तर तो सिनेमा नसण्याचीच शक्यता जास्त. रामसे १९९३पासून झी टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ करत होते, १९९५मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांचं ‘आहट’ आलं. तेच बंगले, तीच दारं. फक्त चित्र फिल्मसारखं दाणेदार नाही, व्हिडिओसारखं गुळगुळीत, आणि भुताने दार उघडायच्या ऐन वेळी जाहिरात. जाहिरात कशाची होती हे आठवत असेल, तर वर्षसुद्धा काढून देता येतं.