रस्त्यावरच्या दिव्यासाठी फ्रीफॉर्म लेन्स घडवताना

आमच्या विभागाकडे आलेले काम वरकरणी साधे होते: नऊ मीटर उंचीचे खांब, दोन खांबांत तीस मीटर अंतर, आणि मधल्या रस्त्यावर शक्यतो सारखा उजेड. एलईडीचा प्रकाश मात्र समोर सर्वाधिक असतो आणि बाजूला कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होत जातो. दोन खांबांच्या मध्यावर किरण उभ्या रेषेपासून साधारण ५९ अंशांनी पोहोचतात. अंतर वाढते आणि किरण तिरपे पडतात, त्यामुळे तिथे खांबाखालच्याइतका उजेड हवा असेल तर त्या दिशेची तीव्रता सातपटींहून जास्त लागते. शेजारच्या खांबाने निम्मा वाटा उचलला तरी साडेतीनपटींहून अधिक. नुसता एलईडी त्या कोनात समोरच्या तीव्रतेच्या जेमतेम निम्मी तीव्रता देतो. ही तफावत भरून काढण्यासाठीच मी फ्रीफॉर्म लेन्सकडे, म्हणजे गोलाई वा सममितीचे बंधन नसलेल्या मुक्त आकाराच्या लेन्सकडे वळलो.

गोलाकार, सममित लेन्सचे गणित सोपे असते: कोणत्या कोनातला प्रकाश जमिनीवर कुठे न्यायचा हे ठरवले की स्नेलच्या नियमावरून (किरण पृष्ठावर किती वळतो हे सांगणारा नियम) पृष्ठाचा उतार मिळतो आणि छेदरेषा बिंदूबिंदूने पुढे सरकते. रस्ता मात्र लांबट असतो. लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे वाटून प्रत्येक किरणाला त्याची जागा नेमून दिली, तर प्रत्येक बिंदूपाशी हवा तो लंब मिळतो, पण ते सगळे लंब एकाच अखंड पृष्ठाचे असतीलच असे नाही. तसे पृष्ठ जुळवायला गेले की त्यावर पायऱ्या पडतात. म्हणून जागावाटप आणि पृष्ठ एकत्रच सोडवावे लागते, आणि तिथे पृष्ठाचा आकार व उजेडाची वाटणी एकत्र बांधणारे मोंज-अँपियर समीकरण येते. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने १७८१ साली मातीचा ढीग कमीत कमी श्रमात दुसरीकडे कसा न्यावा हा प्रश्न मांडला होता. मी तेच प्रकाशाच्या बाबतीत करत होतो, याची मला अजूनही मौज वाटते.

हे सारे गणित प्रकाशस्रोत बिंदुरूप मानते, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा तिढा तोच आहे. लेन्स स्रोताच्या निदान पाचपट मोठी असावी, असा आमच्याकडे ढोबळ संकेत आहे; पण दिव्याच्या पाटीवर तेवढी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे समीकरणातून आलेले पृष्ठ मी केवळ आरंभबिंदू मानले, एलईडीच्या उत्पादकाने दिलेल्या किरणांच्या फाइलवरून संगणकावर लाखो किरण सोडून पाहिले, आणि जमिनीवरचा फरक पाहून लक्ष्य पुन्हा पुन्हा दुरुस्त केले. लेझरच्या बाबतीत अडचण उलटी असते: स्रोत जवळजवळ बिंदूसारखा, पण झोत लेन्सच्या मध्यापासून किंचित सरकला तरी सपाट हवी असलेली तीव्रता एका बाजूला कलते.

लेन्स ज्यात घडते त्या साच्याने वेगळीच परीक्षा पाहिली. लेन्स अ‍ॅक्रिलिकची होती. त्याचा अपवर्तनांक १.४९ आहे. किरण पृष्ठावर जवळजवळ सरळ पडत असताना उतारात एका अंशाची चूक झाली, तर किरण सुमारे अर्धा अंश वळतो, आणि दोन खांबांच्या मध्यावर हा फरक जवळपास तीस सेंटिमीटरचा होतो. अ‍ॅक्रिलिक थंड होताना आकसते आणि लेन्सच्या जाड कडेला खोलगटपणा येतो. टूलरूममधल्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागातल्या कारागिरांनी साच्यात दाब धरून ठेवण्याचा काळ वाढवायला सुचवले. ते चक्र लांबल्याने उत्पादनाचा वेग घटला, पण आकार टिकला.

गोनिओफोटोमीटरवर (वेगवेगळ्या कोनांतली प्रकाशाची तीव्रता मोजणारे यंत्र) तीव्रतेचा आलेख अपेक्षेजवळ आला, तरी उजेडाच्या कडेला पिवळसर पट्टा दिसत होता. पांढऱ्या एलईडीतला फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणारा थर, तिरप्या कोनात जास्त पिवळा प्रकाश देतो, आणि लेन्स तो कडेलाच गोळा करत होती. लेन्सच्या आतल्या, एलईडीकडच्या पोकळीचे पृष्ठ साच्यातच किंचित खरबरीत केले, तेव्हा पट्टा विरला. त्यासाठी थोडी कार्यक्षमता गेली आणि कडा जरा पसरट झाल्या. रस्त्यासाठी दोन्ही चालण्यासारखे होते.