पोस्टर तर मोबाइलवर होतं, मग तुम्ही करता काय?

जळगावात कुठेही चारचौघांत ओळख निघाली, की हा प्रश्न ठरलेला. "ताई, कलाकेंद्रात डिझायनरला पगार कशाचा देतात? मोबाइलवर फुकटात पोस्टर होतं ना!" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

होतं की. वाढदिवसाचं तर दोन मिनिटांत होतं. पण आमच्याकडे अहिराणी कथाकथनाचा कार्यक्रम असतो. अहिराणीत 'ऱ्हायना' पावलोपावली येतं: करी ऱ्हायना, जाई ऱ्हायना. त्यातला तो आडवा अर्धा र पुष्कळ फॉन्टांत नसतोच. मग कुठे त्याचा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर चढतो, कुठे पाय मोडून नुसताच लटकतो. मोबाइलवर कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच दहा फुटांवर छापलं, की ज्यांची भाषा आहे ते चौकात उभे राहून हसतात.

मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत. प्रेसवाल्याकडे डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर कोरल आणि श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट. या रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाइल कर्व्ह करून पाठवायची. एकदा कर्व्ह केली की अक्षराचं चित्र होतं, टाइप करून दुरुस्ती नाही. त्यामुळे त्याआधी एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. पाहुण्यांच्या नावामागचं 'डॉ.' गळलं तर कार्यक्रमभर ऐकून घ्यावं लागतं!

फोटोंचं तर विचारूच नका. 3 डिसेंबर, बहिणाबाईंचा स्मृतिदिन. कुणीतरी फोटो पाठवतं, रुंदी 960 पिक्सेल. आठ फुटी फ्लेक्स म्हणजे 96 इंच. इंचाला दहा पिक्सेल आले. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मूळ फोटो मिळवण्यात कधीकधी डिझाइनपेक्षा जास्त वेळ जातो. तो नाहीच मिळाला तर मी फोटो लहान ठेवते आणि अक्षरं मोठी करते.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात रस्त्यावर टांगलेल्या फ्लेक्सचा लाल-पिवळा रंग आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो. म्हणून उन्हाळी शिबिराची तारीख मी कधीही लाल रंगात टाकत नाही. दिसायला लाल छान दिसतो, मान्य आहे.

पण खरी डोकेदुखी वेगळीच. एखाद्या पाहुण्या पुढाऱ्याच्या माणसाचा फोन येतो: "भाऊंचा फोटो कुठंय?"

"नाव टाकलंय ना, ठळक."

"भाऊंना फोटो लागतो, ताई."

भाऊ, दादा, आप्पा, देणगीदार, सगळ्यांचे चेहरे लावले की गाणाऱ्या बाईंना उरते बोटभर जागा, आणि कार्यक्रम कुणाचा हेच रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. आता आम्ही दोन फ्लेक्स करतो. भाऊंसकट सगळे पाहुणे केंद्राच्या फाटकावर, आत येताना त्यांना स्वतःलाच दिसतील असे. चौकातल्या फ्लेक्सवर फक्त कलाकार, तारीख, वेळ आणि ठिकाण. खर्च थोडा वाढला, फोन मात्र कमी झाले.