नऊ एकांचा वर्ग

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. गणिताच्या तासाची ओढ अजून आहे, म्हणून मी आत्ताच्या मुलांसाठी एक संख्या देतो: 12345678987654321.

111111111 चा हा वर्ग. गुणाकार उभा मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच 1, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा एकेक कमी. कुठेच हातचा येत नाही, म्हणून चढउतार अखंड राहतो.

दहा एकांच्या वर्गात तो मोडतो. पुष्कळ जण अंदाजाने 1234567890987654321 लिहितात. इथे नवाचा ताळा करावा, म्हणजे अंकांच्या बेरजेला 9 ने भागून उरणारी बाकी बघावी. दहा एकांची बेरीज 10, म्हणजे 1. त्याचा वर्गही 1. लिहिलेल्या उत्तराच्या अंकांची बेरीज मात्र 90, म्हणजे ताळा 0. चूक सापडली. मधल्या रकान्यात 10 होतात: शून्य लिहून हातचा 1. शेजारच्या 9 चेही 10 होतात, पुन्हा शून्य, हातचा 1, आणि पुढच्या 8 चा 9 होतो. खरं उत्तर 1234567900987654321. (अंकांची अदलाबदल मात्र या ताळ्याला कळत नाही, हे लक्षात ठेवावं.) संगणकाच्या एक्सेलवर विसंबू नका, तो पंधराच अंक धरतो आणि नऊ एकांच्या वर्गाच्या शेवटी 321 ऐवजी 300 दाखवतो.

अशा संख्यांना डेम्लो संख्या हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं, तेव्हाच्या जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या, मुंबईपासून सुमारे 30 मैलांवरच्या एका स्टेशनावरून. शाळेच्या स्मरणिकेत त्यांचं नाव यायलाच हवं.

मला सगळ्यात आवडतात ते नऊ एकांच्या वर्गाचे अवयव. 111111111 = 111 × 1001001. पहिल्याचे 3 × 37, दुसऱ्याचे 3 × 333667. म्हणून आपली संख्या 3 चा चौथा घात, 37 चा वर्ग आणि 333667 चा वर्ग यांचा गुणाकार; एकूण विभाजक (प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणाकार) 5 × 3 × 3 = 45.

पण 333667 मूळ संख्या आहे हे कशावरून? 333667 चं वर्गमूळ 577 च्या जरा पुढे, म्हणून 577 पर्यंतच्या 106 मूळ संख्यांनी भागून बघायचं म्हटलं तर संध्याकाळ जाईल. थोडा विचार केला की काम हलकं होतं. 333667 चा कोणताही मूळ अवयव नऊ नवांच्या संख्येला, म्हणजे 999999999 ला, भागतो. 999 ला मात्र तो भागत नाही, कारण 999 चे मूळ अवयव 3 आणि 37 एवढेच, आणि त्या दोघांनी भागल्यावर बाकी 1 उरते. म्हणजे त्या अवयवाने भागल्यावर 10 च्या नवव्या घाताची बाकी 1 येते, तिसऱ्याची येत नाही; फर्माच्या प्रमेयानुसार 10 च्या (अवयव वजा 1) एवढ्या घाताचीही बाकी 1 येते, म्हणून त्या अवयवातून 1 वजा केला की 9 ने भाग जायलाच हवा. अवयव विषम, म्हणजे 18 नेही. अशा मूळ संख्या 577 पर्यंत फक्त 17: 19, 37, 73, 109 अशा. 19 ने भागल्यावर बाकी 8. शेवटच्या 577 ने भागल्यावर 161. मधले भागाकार वहीत करून बघा.