पगाराचा रकाना रिकामाच

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर आज मासेमारांच्या रोजगाराची नोंद. "महिन्याचा पगार किती?" हा प्रश्न इथे बिनकामाचा. बहुतेकदा जाळ्याचा नि होडीचा वाटा आधी निघतो, उरलेलं माणसांत वाटतात. म्हणून विचारायचं असं: काल किती किलो कटला-रोहू निघाला, व्यापाऱ्याने भाव काय दिला, उचल किती कापली, हातात काय पडलं? मच्छीमार सोसायटीच्या सभासद यादीवर तर विसंबूच नका. नाव बापाचं, पाण्यात पोरगा. आणि जायचं ते पहाटे, जाळी उचलताना. उन्हं चढल्यावर काठावर कोण भेटणार? जाळं सांधणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या ताई "मी कुठं काय करते" म्हणतात. त्यांना तास विचारा. मागच्या ७ दिवसांत १ तास काम केलं असलं, तरी पीएलएफएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार पाहणीच्या, साप्ताहिक मोजणीत त्या कामगारच.