तुम्ही विचारलंत म्हणून: एडीएचडीचं निदान झालंय, आता शाळेकडे काय मागायचं?

मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता आणि उतावळेपणा असतो ती अवस्था) आहे असं कळलं की पालक सगळ्यात आधी विचारतात, शाळेला सांगू का? सांगितलं तर शिक्का बसेल अशी धास्ती असते, आणि न सांगावं तर डायरी शेऱ्यांनी भरत असते. सांगा, असंच मी म्हणेन. 'वांड', 'आळशी', 'घरात वळण नाही' हे शिक्के तोवर बसलेलेच असतात, आणि ते पुसायला निदानाचाच उपयोग होतो.

मात्र 'जरा लक्ष द्या' एवढंच मागून परत येऊ नका. 60 मुलांच्या वर्गात लक्ष देणं म्हणजे सारखं नाव घेऊन हाक मारणं, आणि मुलाच्या लेखी तो ओरडाच असतो. मागणी अशी हवी की ती पाळली गेली की नाही हे महिन्याभराने कुणालाही सांगता येईल.

संपूर्ण रिपोर्ट शाळेला देऊ नका. त्यात बुद्ध्यांक असतो, घरची माहिती असते. शाळेला त्याची गरज नसते. डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या: निदान, वर्गात नेमकं काय अडतं, आणि शाळेने काय करावं. भेट पालकसभेच्या दिवशी नको, तेव्हा मागे रांग असते. वेगळी वेळ मागा, अर्धा तास पुरतो. वर्गशिक्षिकेबरोबर मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकही हवेत, कारण परीक्षेतले बदल एकट्या बाईंच्या हातात नसतात. सुरुवात मागण्यांनी करू नका. कोणत्या तासाला जास्त त्रास होतो, काय करताना होतो, हे आधी बाईंना विचारा. लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसल्याशिवाय हे निदान होत नाही, त्यामुळे त्यांचं निरीक्षण डॉक्टरांनाही लागतं.

आता वर्गातल्या गोष्टी. 'पहिल्या बाकावर बसवा' ही मागणी सगळे करतात, पण पहिला बाक दाराशी असेल तर येणारा-जाणारा प्रत्येक जण मुलाचं लक्ष घेऊन जातो. बाई जिथे उभ्या राहून शिकवतात त्याच्या जवळची, दार-खिडकीपासून लांबची, शांत मुलाशेजारची जागा मागा. एकट्यासाठी वेगळा बाक नको. वर्गाला ती शिक्षाच वाटते. फळ्यावरून उतरवून घेताना ही मुलं सर्वात जास्त मागे पडतात, कारण फळ्यावरून नजर वहीवर येईपर्यंत अर्धं वाक्य डोक्यातून निसटलेलं असतं. शेजारच्याची वही समोर ठेवून लिहू देणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे. गृहपाठ बहुधा घंटा होताना तोंडी सांगितला जातो, तेव्हा हे मूल दप्तर भरत असतं. तो तास संपण्याच्या 10 मिनिटं आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि डायरीत उतरला का ते पाहून बाईंनी खूण करावी. एकाच प्रकारची 10 गणितं असतील तर 5 पुरेत. वह्या वाटणं, फळा पुसणं अशी उठून करायची कामं त्याला मिळावीत. आणि एक गोष्ट ठामपणे सांगा: शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घ्यायचा नाही. ज्याला हालचालीची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच दोन तास अधिक बसवून ठेवलं, तर पुढचा तास सगळ्या वर्गाचा जातो.

औषध चालू असेल तर वेळेचं गणित बघा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचा परिणाम साधारण 4 तास असतो. सकाळी साडेसहाला घेतलेली गोळी साडेदहाला उतरते, आणि गणिताचा तास अकराला असतो. कोणत्या तासापासून फरक पडतो हे बाईंकडून लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मात्रा स्वतः बदलू नका. 'आज गोळी घेतली नाहीस का?' हे वर्गासमोर कुणीही विचारायचं नाही, हेही आधीच बोलून घ्या.

परीक्षेत जादा वेळ मिळाला की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण हे मूल तीन तासांचा पेपर पाऊण तासात देऊन मोकळं होतं, मागच्या पानावरचे प्रश्न न बघताच. त्याला शांत खोली हवी, आणि 'पान उलट, काही राहिलं का बघ' एवढं सांगणारे पर्यवेक्षक हवेत. शाळेच्या स्वतःच्या परीक्षांत हे मुख्याध्यापक ठरवू शकतात.

दहावीला मात्र कागद लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आणि स्वमग्नता (ऑटिझम) आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून नुसत्या एडीएचडीच्या पत्रावर बोर्डाची सवलत अडकते. अनेक मुलांना एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही असते, तेव्हा अध्ययन अक्षमतेची तपासणी आठवीतच करून घ्या. प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचं लागतं, मुंबईत सायन, नायर वगैरे. खासगी मानसशास्त्रज्ञांचा रिपोर्ट पुरत नाही. रुग्णालयातल्या तारखा लांबच्या मिळतात. राज्य मंडळाकडे अर्ज शाळेमार्फतच जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरतीच ठेवता येणार नाही असं म्हटलं. शाळेशी बोलताना त्याचा उल्लेख जरूर करा.

भेटीत ठरलेलं त्याच आठवड्यात पत्रात लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. सहा आठवड्यांनी पुन्हा भेट ठरवा. जूनमध्ये सगळं नव्याने करावं लागतं, कारण बाई बदलतात. वरच्या वर्गात विषयागणिक शिक्षक वेगळे, तेव्हा त्या प्रत्येकाला पत्राची प्रत द्या.

कुणी 'दाखला घेऊन जा' म्हणालं तर ते लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 प्रमाणे मारणं व मानसिक छळ दोन्ही बंद आहेत; अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, पण 2016 चा दिव्यांग कायदा पुढे करता येतो. तरीही अडलं तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर तक्रारीआधी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांना इतरांबरोबर शिकवण्याच्या) विशेष शिक्षकांना भेटा. बरंचसं काम तिथेच होतं.

पाचवी-सहावीपासून मुलालाही भेटीला न्या आणि यातलं काय नको ते त्याला विचारा. बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत डायरी तपासलेली बहुतेक वेळा आवडत नाही. मग ती खूण तास संपल्यावर, टेबलापाशी करायची.